गाडीतलं काही कळत नसताना जुनी गाडी घेणं: तुमचे अनुभव सांगा

घरात आजवर गाडी नव्हती. लायसन आहे, हात बसायचा आहे, म्हणून पहिली गाडी जुनीच घ्यायची असं ठरलंय. छोटी, पेट्रोलची, तीन लाखांच्या आतली. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून "मग नवीच घे की" म्हणणारे नातेवाईक वाढलेत. पण सोसायटीच्या खांबाला घासायचीच आहे तर जुनी घासलेली बरी.

अडचण अशी की बॉनेट उघडल्यावर मला फक्त वायपरच्या पाण्याची बाटली ओळखता येते. विकणारा म्हणतो, "सिंगल हँड आहे मॅडम, डॉक्टरांची गाडी, फक्त टायर बघून घ्या," आणि मी मान डोलावते. ठाण्यातले सगळे डॉक्टर एकाच वेळी गाड्या का विकतायत कोण जाणे.

तुम्हाला गाडीतलं फारसं कळत नसताना तुम्ही जुनी गाडी कशी घेतलीत, कुणाला बरोबर नेलंत, काय तपासलंत, ते लिहा. विकणाऱ्यांचे अनुभवही चालतील. कुठली कंपनी चांगली यावर वाद नकोत, त्याला अंत नाही.

गिअरबदलू, पुणे

बॉनेट राहू द्या. मला आजही इंजिनातलं कळत नाही, तरी आमची जुनी वॅगनआर मजेत चाललीय. मी तारखा बघतो.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटरवर बावीस हजार किलोमीटर आणि चारही टायर गाडीपेक्षा पाच वर्षांनी तरुण, असं दिसलं की विचारायचं, इतक्यात टायर कसे संपले? काचांच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यातही वर्षाची खूण असते. सगळ्या काचा एका सालच्या आणि डाव्या मागच्या दाराची तेवढी वेगळी, तर त्या दारावर काहीतरी आदळलेलं आहे. ते सांगितलं गेलं असेल तर ठीक, लपवलं असेल तर आणखी काय लपवलंय?

क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत, ड्रायव्हरची सीट एका अंगाला बसलेली, आणि मीटर मात्र वीस हजार दाखवतंय: मीटर मागे घेतलेलं असणार. जुन्या गाडीत पेडलचं रबर कोरं करकरीत दिसलं तरी शंका घ्यायचीच. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात असेल तर दर वेळचं किलोमीटर तिथे नोंदलेलं असतं. ती यादी मालकालाच काढून आणायला सांगा. "बघू, देतो" म्हणत जो टोलवतो, त्याच्याकडे परत जायचं नाही.

ताकपिठ्या

सकाळी लवकर जा आणि पोचल्या पोचल्या बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आत गाडी चालू करून ठेवलीय. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं आणि मागून धूर कसला येतो, तेच तर बघायचं असतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. बाकी चालू द्या.

कृष्णाकाठ, सांगली

२०१९ च्या ऑगस्टात आणि परत २०२१ च्या जुलैत आमच्याकडं गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. त्या गेल्या कुठं? विमा कंपनीनं टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी धरलेली गाडी लिलावात जाते, कुणीतरी उचलतो, धुतो, नवी सीटकव्हरं चढवतो आणि लांबच्या जिल्ह्यात विकतो. म्हणून ठाण्यात बसून "आमच्याकडे पूर कुठला" म्हणू नका.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा हातभर पट्टा धुतलेला असतो. आत रिळावर गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही. मेव्हण्यासाठी गाडी बघताना असाच पट्टा ओढला, तर शेवटाला गाळाची तपकिरी रेघ. मालक म्हणाला, "चहा सांडला असेल." मी म्हटलं, भाऊ, चारही बेल्टांवर? त्यानं लगेच दहा हजार कमी केले. आम्ही तरी निघालो. पाण्यातनं आलेल्या गाडीचं वायरिंग आज चालतं, पुढच्या पावसाळ्यात कुठं बंद पडेल सांगता येत नाही.

सीटखालचे लोखंडी रूळ गंजलेत का बघा, स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. आणि अत्तराचा वास जरा जास्तच येत असला तर ती बाटली बाहेर ठेवा, काचा लावा, एसी सोडून आत बसा. कुबट वास लपत नाही.

चिकूची आई, कोल्हापूर

मी आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या मामांना घेऊन गेले. त्यांनी पाचशे रुपये आणि येण्याजाण्याचं पेट्रोल घेतलं, आणि ते पैसे पुरेपूर वसूल झाले. बरोबर दीरही होते. विकणारा सुरुवातीपासून दिरांशीच बोलत होता. गाडी मी घेणार, पैसे माझे, तरी "साहेब, तुम्ही बघा" चालूच. दिरांना गाडीतलं माझ्याइतकंच कळतं, म्हणजे काही नाही, पण त्यांनी गंभीर चेहऱ्यानं दोन टायरांना लाथा मारल्या.

मामा गप्प. त्यांनी आधी दाराचं रबरी बीडिंग थोडं उपसलं. खाली पत्र्यावर वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर होते. उजव्या पुढच्या दारापाशी मात्र ठिपके दिसेनात, लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला. मग बॉनेटचे नट दाखवले मला, "बघ ताई, पान्यानं रंग उडालाय, म्हणजे कधीतरी बॉनेट उतरवलंय." मग आत बसून किल्ली अर्धी फिरवली, इंजिन चालू न करता. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागायला पाहिजेत आणि थोड्या वेळात एअरबॅगचा विझायला पाहिजे. तो लागलाच नाही. विकणारा म्हणाला, "या मॉडेलला तो दिवा येत नाही." मामांनी स्टिअरिंगवरच्या एसआरएस (म्हणजे आत एअरबॅग आहे) या अक्षरांवर बोट ठेवलं आणि नुसतं त्याच्याकडं बघितलं. एअरबॅग एकदा उघडून गेलेली होती, बदललीच नव्हती.

तिथनं निघालो. नंतर घेतलेल्या गाडीलाही मामाच आले होते. तेव्हा त्यांनी काचा बंद, रेडिओ बंद करून मुद्दाम खडबडीत रस्त्यानं चालवली, चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचा खटखट आवाज ऐकवला आणि तेवढ्या कामाचे पैसे किमतीतून उतरवून दिले.

गोदाघाट, नाशिक

मला गाडी कळत नाही, कागद कळतो. जुन्या गाडीतला निम्मा घोळ कागदातच असतो, आणि तो वाचायला फिटर लागत नाही.

विसार द्यायच्या आधी एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. मी पाहिलेल्या गाडीचं लोन "केव्हाच फिटलं" होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. माणूस खरं बोलत होता, लोन फिटलेलंच होतं, फक्त बोजा उतरवायचा राहिला होता. त्याला बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म लागतो. त्याच्याकडची एनओसी जुनी, मुदत संपलेली. नवी आणेपर्यंत मी थांबलो. विसाराची पावती साध्या कागदावर केली होती, त्यात उरलेली रक्कम कशानंतर द्यायची ते लिहिलं होतं, म्हणून भांडण झालं नाही.

गाडीवर कोरलेला चासी नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा, एकेक अक्षर. राहिलेली ई-चलनं बघा आणि ती मालकालाच भरायला लावा. सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढलेलं पाहिजे आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झालेली पाहिजे. मग गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म.

मधली आळी, डोंबिवली

मी विकणाऱ्या बाजूचा. एका एजंटाला गाडी दिली, त्यानं २९-३० वर सह्या घेतल्या, म्हणाला आठवड्यात नाव बदलतो. त्यानं गाडी पुढे विकली आणि नाव माझंच राहिलं. कुठल्या कुठल्या टोलनाक्यावरची, हायवेवरची चलनं माझ्या मोबाइलवर येऊ लागली. चलनाचं सोडा, त्या गाडीनं कुणाला उडवलं असतं तर? सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगून ठेवलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जाणार, गाडी पुढे कितीही हात फिरलेली असो.

शेवटी ज्याच्या हातात गाडी होती त्या माणसाला विम्याचा क्लेम करायची वेळ आली, तेव्हा तोच माझ्याकडे धावत आला. नाव बदललं, पण तोवर माझी झोप उडाली होती. घेणाऱ्यांनी लक्षात घ्या: डीलरकडची गाडी तुमच्या आधी आणखी कुणाच्या हातात होती हे आरसीवर दिसेलच असं नाही. आरसीवरच्या मालकाशी एकदा फोनवर तरी बोला.

सोअर नदी, लेस्टर

इकडचं थोडं वेगळं. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी चाचणी लागते, आणि सरकारी साइटवर नंबर टाकला की तिचा इतिहास फुकटात दिसतो. कधी नापास झाली, कशात झाली, दर वेळी किलोमीटर, म्हणजे इथे मैल, किती होते, सगळं. मी आधी तिथे 'ॲडव्हायजरी' वाचायचो: पास तर झाली, पण हे लवकर बदला असं लिहिलेलं. मागल्या वर्षीची तीच ओळ या वर्षीही दिसली की मालक गाडीवर पैसे घालत नव्हता हे कळतं. खाली गंजाचा उल्लेख असेल तर मी पुढे जात नसे, इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात.

तारण कर्ज मात्र त्या साइटवर दिसत नाही, त्याला वेगळी पैसे भरून तपासणी करावी लागते. आणि आधीच्या मालकानं भरलेला रोड टॅक्स गाडीबरोबर येत नाही, तो स्वतः भरूनच गाडी घरी न्यायची.

ठेचाभाकर, नागपूर

दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त मिळते म्हणून आमच्याकडे लोक धावतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, तेव्हापासून हा धंदा जोरात आहे. किंमत बघून भुलू नका. तिकडची एनओसी, इकडचा रोड टॅक्स नव्याने, एजंटाची फी, आणि आरटीओच्या चकरा. माझ्या आतेभावाने सगळा हिशेब मांडला, तर इथलीच एमएच ३१ त्याच भावात पडत होती. तिचा मालक दोन गल्ल्या सोडून राहतो, हे वर.

धागाकर्ती

वाचतेय आणि यादी करतेय. कोल्हापूरच्या मामांना ठाण्याला यायला काय घ्याल? एक शंका: विकणारा म्हणतो विमा अजून आठ महिने आहे, ५० टक्के नो क्लेम बोनससकट (क्लेम न केल्याची सवलत), त्याचेही पैसे द्या. द्यायचे का?

गोदाघाट, नाशिक

बोनसचे अजिबात देऊ नका. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. तो त्याच्या पुढच्या गाडीला वापरेल. विमा तुमच्या नावावर होताना कंपनी त्या सवलतीचा फरक तुमच्याकडूनच वसूल करते. नाव बदलायचा अर्ज गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत द्या, नाहीतर तुमच्या गाडीचं नुकसान झालं तर क्लेम अडकतो. पॉलिसीची प्रत मागून आधी क्लेम झालाय का हेही विचारा.

काचेवरचा त्याचा फास्टॅग त्यालाच बंद करायला लावा, तुमचा नवा घ्या. आणि दुसरी किल्ली मागा. हरवलीय म्हणाला तर नव्या किल्लीचे पैसे कापूनच बाकीचे मोजा.