मदत हवी आहे: कूस बदलली की आईला गरगरतं, ऐकू मात्र लख्ख येतं. मग दोष कानात कसा?

नमस्कार मंडळी,

आई, वय ६४. गेल्या सोमवारी पहाटे उजव्या कुशीवर वळली आणि "अगं, घर फिरतंय!" म्हणून ओरडली. मी धावत गेले तर पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून बसलेली. अर्ध्या मिनिटात थांबलं, मग एक उलटी. तेव्हापासून उजवीकडे वळलं किंवा वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की तेच. डावीकडे काही नाही. बीपी, शुगर ठीक.

पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून "मणक्यात गॅप" सांगितली, मानेला पट्टा आणि चकरेची गोळी दिली. गोळीने आई दिवसभर पेंगते. शेजारच्या काकूंच्या मते पित्त. काल कान-नाक-घसावाल्यांना दाखवलं, ते म्हणाले, "कानातले खडे सरकलेत, उद्या या, मान फिरवून बसवू." बाहेर ही गर्दी, विचारायला वेळच मिळाला नाही. स्वयंपाकघरातून माझं फोनवरचं कुजबुजणं ऐकणाऱ्या बाईच्या कानात बिघाड? आणि खडे कसले? कुणी नीट समजावेल का?

प्रतिसाद १

ताई, मीही यातून गेलोय. शाळेतला कान आठवा: पडदा, हातोडी-ऐरण-रिकीब, मग शंख. ऐकणं तिथे संपतं. पण त्या शंखाला जोडूनच तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींना काटकोनात, आत द्रव भरलेल्या. पाण्याची परात गर्रकन फिरवा, पाणी क्षणभर मागे राहतं ना? तसंच डोकं फिरलं की द्रव मागे रेंगाळतो, नळीतला जेलीसारखा पडदा वाकतो आणि त्यातल्या केसपेशी मेंदूला वर्दी देतात.

खडे म्हणजे मळ नव्हे. नळ्यांशेजारच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्याच जातीचे, सूक्ष्म कण चिकट थरावर बसलेले असतात. गुरुत्वाकर्षणाची दिशा, गाडी सुटतानाचा झटका त्यांच्यामुळे कळतो. वयाने किंवा डोक्याला मार लागून ते सुटतात आणि बहुधा मागच्या नळीत घरंगळतात. मग आई वळून थांबली तरी कण सरकत राहतात, द्रव ओढतात. मेंदूला वाटतं अजून फिरतोय. कण तळाशी बसले की चक्कर थांबते, म्हणून तुमचं ते अर्धं मिनिट. शंख यात नाही, म्हणून ऐकू नीट येतं.

मान फिरवण्याला एपली मॅन्युव्हर म्हणतात. अमेरिकेतल्या डॉ. जॉन एपलींनी त्यावर १९९२ साली लेख लिहिला. ठरावीक क्रमाने डोकं वळवून कण परत पिशवीत लोटायचे, बस्स. मानेचा त्रास असेल तर आधी सांगा.

प्रतिसाद २

एक जोडतो. बोलणं अडखळलं, एकाचं दोन दिसलं, हातपाय लुळा पडला किंवा चक्कर थांबेचना, तर खडे-बिडे विसरून थेट हॉस्पिटल गाठा.

धागाकर्ती

आज झालं! उजवीकडे मान वळवून, डोकं कडेबाहेर येईल असं झटकन आडवं केलं तसे आईचे डोळे टकाटका उडायला लागले, मी समोरून पाहिलं. माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. मग डावीकडे, मग कुशीवर, मग बसती. पुन्हा तपासलं तर डोळे स्थिर! गोळी आणि पट्टा दोन्ही बंद.

हे परत उद्भवू शकतं म्हणाले. घरच्या घरी कुणी केलंय का? आईचा पलंग भिंतीला टेकलेला आहे, डोकं कडेबाहेर कसं घ्यायचं?