मदत हवी आहे: मॉरिस मायनरचे ब्रेक नवे केले, पण पाच-सहा किलोमीटरनंतर चाकं पकडतात

मायनरवाला
नमस्कार मंडळी. गाडी मॉरिस मायनर १०००, १९६०चं मॉडेल, ९४८ सीसी, चारी चाकांना सात इंची ब्रेक ड्रम. आजोबांची गाडी, मिरजेत शेडमध्ये वर्षानुवर्षं झाकून उभी होती. इंजिन फार नखरे न करता सुरू झालं. ब्रेकने मात्र घाम काढलाय.

आधी काय काय केलंय ते सांगतो. व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेकचे शू ड्रमवर दाबणारे) सगळे जाम होते. पुढच्या चाकांना दोन-दोन असतात, ते चारही इंग्लंडहून नवे मागवले. मागचे दोन साफ होण्याजोगे होते, त्यांना फक्त रबर किट टाकलं. मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की चारी चाकांना ऑइलचा दाब देणारा) बोअरला, म्हणजे आतल्या पोकळीला, खड्डे पडले होते, म्हणून कोल्हापुरात एका लेथवाल्याकडून पितळी स्लीव्ह (आतून बसवायची नळी) मारून तो परत मूळ मापाला, म्हणजे ७/८ इंचाला, आणून घेतला. शूंना नवे लायनर (ड्रमवर घासणारं अस्तर), ड्रमना लेथवर अगदी हलका हात, ऑइल नेणारे तिन्ही रबरी होज नवे. ऑइल डॉट ४, सीलबंद डब्यातलं. एअर काढताना काहीही त्रास झाला नाही, पेडल एका दाबात कडक.

आता दुखणं. घरातून निघताना ब्रेक झकास. गावातल्या ट्रॅफिकमध्ये दाबत-सोडत पाच-सहा किलोमीटर गेलो की पेडल हळूहळू वर येतं आणि दगडासारखं होतं. गाडी ओढायला लागते, क्लच सोडला तरी पुढे सरकायला कुरकुरते. उतरून बघावं तर पुढच्या ड्रमवर हात ठेववत नाही, मागचेही गरम. अर्धा-पाऊण तास थांबलं की आपोआप सुटतं. गॅरेजवाले म्हणतात, "नवीन लायनर आहेत, बसतील." हे बसण्याचं लक्षण नाही एवढं मलाही कळतं. कुठून सुरुवात करू?

खडखड
शू जास्त आवळलेत का? मायनरला ड्रमच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून ॲडजस्टर फिरवतात. पुढे प्रत्येक चाकाला दोन, मागे एक. चाक पूर्ण अडेपर्यंत ॲडजस्टर फिरवायचा आणि मग एक खाच मागे. पुष्कळ जण पुढचा दुसरा ॲडजस्टर विसरतात.

मायनरवाला
बघितलं. थंड असताना चारी चाकं हाताने मोकळी फिरतात, लायनर जरासा घासल्याचा आवाज येतो तेवढाच. दोन्ही ॲडजस्टर केलेत.

चारचाकी_चंदू
दादा, राग मानू नका, पण इतकी डोकेफोड कशाला? मारुतीचा मास्टर सिलिंडर बसवा, पुढे डिस्क टाका, विषय संपला. आमच्या ओळखीत एकाने ॲम्बेसडरला केलंय, बुलेटसारखी थांबते.

मायनरवाला
चंदूभाऊ, राग कसला. पण ही गाडी जशी कारखान्यातून आली तशीच ठेवायची आहे, आणि हे ब्रेक मुळात वाईट नाहीत. एवढ्या हलक्या गाडीला पुढे दोन्ही शू लीडिंग (ड्रमच्या फिरण्यानेच जास्त आवळले जाणारे), म्हणजे भरपूर झाले. फक्त सुटत नाहीत.

टॉर्शनबार
तुम्ही लिहिलंय त्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य "पेडल वर येतं" हे आहे. नुसते शू घट्ट असते किंवा मागे ओढणारी स्प्रिंग ढिली असती तर ड्रम तापला असता, पण पेडल वर आलं नसतं. पेडल वर येतंय म्हणजे लाइनमध्ये दाब कोंडतोय. ड्रम तापतो, त्याने ऑइल तापतं, ते फुगतं, त्याला मागे जायला वाट नाही, म्हणून शू अजून दाबले जातात, म्हणून ड्रम अजून तापतो. थंड झालं की ऑइल आकसतं आणि तुमची गाडी "आपोआप" सुटते. आता वाट कुठे बंद आहे ते शोधायचं.

पुढच्या वेळी पकडली की गाडी सपाटीवर घ्या, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं एक चाक जॅकवर उचला आणि त्याचं ब्लीडिंग निपल (एअर काढायचा छोटा स्क्रू) अर्धा आटा सैल करा. हातमोजे घाला, ऑइल गरम असतं आणि रंगावर पडलं तर रंग उचकटतं. ऑइल जोरात उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दोष दाबाचा. तसंच अडकलेलं राहिलं, तर दोष ड्रमच्या आत.

दाबाचा निघाला तर निपल बंद करा आणि पुन्हा पकडू द्या. या वेळी मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी पाइपचा नट सैल करा. तिथे सोडल्यावर चारी चाकं सुटली तर होज निर्दोष, गुन्हेगार मास्टर सिलिंडर. तिथे सोडूनही एखादं चाक तसंच राहिलं तर त्या चाकाचा होज आतून सुजलाय, ऑइल जाऊ देतो पण येऊ देत नाही. नवे होज आहेत म्हणून शक्यता कमी, पण 'नवं' म्हणजे दुकानातल्या फळीवर किती वर्षं पडलेलं, हे कोणी सांगत नाही.

मायनरवाला
केलं. निपल सोडल्यावर पिचकारी उडाली, चाक लगेच मोकळं. दुसऱ्या फेरीत मास्टर सिलिंडरचा नट सोडला आणि चारही एकदम सुटली.

टॉर्शनबार
मग आता दोनच संशयित.

पहिला पुशरॉड, म्हणजे पेडलने मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणारा दांडा. पेडल पूर्ण वर असताना रॉड आणि पिस्टन यांच्यात थोडी फट हवीच. पेडल पायाने नाही, हाताने दाबून बघा, सुरुवातीला बिनजोराची चाल जाणवली पाहिजे. नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाहीये. रॉडची लांबी कमी करा आणि लॉकनट आवळा.

दुसरा, आणि माझी पैज यावरच आहे, ती स्लीव्ह. मास्टर सिलिंडरच्या टाकीच्या तळाला दोन भोकं असतात. एक मोठं, ते पिस्टनच्या कंबरेतल्या जागेत उघडतं. दुसरं अगदी बारीक, ते पुढच्या रबरी कपच्या (पिस्टनसमोरच्या सीलच्या) जरा पुढे. पेडल सोडलं की जास्तीचं ऑइल या बारीक भोकातून टाकीत परत जातं. स्लीव्ह मारली की दोन्ही भोकं झाकली जातात, ती पुन्हा पाडावी लागतात. मोठं कोणीही पाडतो. बारीक विसरलं जातं, किंवा पाडलं जातं पण मूळ भोकाशी जुळत नाही.

तुम्हाला एअर काढताना त्रास का झाला नाही, तेही यातच आहे. पेडल मागे येताना मोठ्या भोकातलं ऑइल पिस्टनच्या छिद्रांतून कपची कड ओलांडून पुढे जातं. म्हणजे ऑइल आत यायला अडचण नाही, पेडल छान लागतं. परत जायचा रस्ता तेवढा बंद. म्हणून गॅरेजमध्ये सगळं ठीक आणि रस्त्यावर बोंब.

तपासायला सिलिंडर काढायचीही गरज नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचला, टाकीचं झाकण उघडा, आत टॉर्च मारा आणि दुसऱ्याला पेडल हाताने हळूच दाबायला सांगा. दाबाच्या अगदी सुरुवातीला छोटं कारंजं उडालं पाहिजे. ऑइल नुसतं डोळे वटारून बघत बसलं तर भोक बंद. चष्मा नसेल तर फार वाकू नका.

मायनरवाला
कारंजं नाही. रॉडची चाल तपासली, ती आहे. म्हणजे सिलिंडर काढणं आलं.

यॉर्कशायरकर
मिरजेच्या मायनरला लीड्सहून नमस्कार! मी इकडे १९६७ची मायनर ट्रॅव्हलर चालवतो, हे काम दोनदा हातून गेलंय. सिलिंडर चासीच्या बाजूच्या पट्टीत बसतो आणि टॉर्शन बार (पुढच्या सस्पेन्शनचा, पिळावर स्प्रिंगचं काम करणारा दांडा) बोल्टच्या वाटेत येतो, बोल्ट पूर्ण बाहेर निघत नाही. इकडे बरेच जण बार न सोडता बोल्ट कापून काढतात आणि परत बसवताना उलट दिशेने घालतात. बार सोडायचा असेल तर त्यात मोठा ताण असतो, पुस्तक समोर ठेवूनच करा, आणि एकट्याने नको.

आणि रबरं धुवायला रॉकेल-पेट्रोल अजिबात वापरू नका. फुगतात आणि हेच दुखणं नव्याने सुरू होतं. ब्रेक ऑइल नाहीतर स्पिरिट. जोडताना साधं ग्रीस नको, लाल रबर ग्रीस.

मायनरवाला
काढला, बोल्ट कापूनच. बारीक भोक तपासायला घरात काही सापडेना. भोक सुईपेक्षाही बारीक, टाचणी जात नाही. मग सतारमेकर गल्लीत ओळखीच्या कारागिराकडे गेलो, त्याने सतारीच्या बाजाच्या (मुख्य) तारेचा तुकडा दिला. (मिरजेत राहण्याचे फायदे.) तार वरून टाकीतून सरळ खाली गेली आणि टेकली. हलवली की पितळेवर खरखरते. आतून बघितलं तर स्लीव्हला भोक आहे, पण मूळ भोकाच्या पुढे सरकलेलं, आणि त्याच्या तोंडाशी पितळेची कड उभी. कपच्या ओठावर त्या जागी बारीक चरा पडलाय.

टॉर्शनबार
पैज जिंकलो, एक चहा देणे लागता. लेथवाल्याकडे न्याल तेव्हा समोर उभे राहा. मूळ भोकातूनच सरळ खाली ड्रिल घालायचं, साधारण ०.७ मिलिमीटर. घाईत दीड-दोन मिलिमीटरचं पाडून देतात, "ऑइल लवकर जाईल साहेब" म्हणून. ते घेऊ नका. मोठ्या भोकात कपचा ओठ अडकतो आणि कापला जातो. ड्रिलनंतर आतून होनिंग (घासून गुळगुळीत करणं) झालंच पाहिजे, बोट फिरवून कड लागता कामा नये. चुकीच्या जागी पाडलेलं भोक मात्र तसंच ठेवू नका. ते स्लीव्ह आणि कास्टिंगच्या मधे उघडतं, तिथून ऑइल झिरपू शकतं. मी असतो तर ही स्लीव्ह काढून नवी मारायला सांगितली असती. आणि कप नवा, चरा पडलेला नको.

खडखड
टॉर्शनबार काकांशी सहमत. स्लीव्ह शक्य असेल तर स्टेनलेसची घ्या. पितळीही चालते, मूळ दोष धातूचा नव्हता.

मायनरवाला
नवी स्टेनलेस स्लीव्ह मारली, दोन्ही भोकं माझ्यासमोर पाडून घेतली. लेथवाल्याने आधी "काय फरक पडतो" म्हटलं, तार घालून दाखवल्यावर गप्प झाला आणि मजुरी घेतली नाही. नवा कप, रॉडची चाल पुन्हा तपासली, एअर काढली, सर्वांत लांबच्या चाकापासून. झाकण उघडून बघितलं तर कारंजं उडतंय, बोटभर! आज दंडोबाच्या डोंगरापर्यंत जाऊन आलो, उतारावर मुद्दाम ब्रेक मारत. ड्रम कोमट, पेडल जागेवर.

एक शंका उरली. जोरात ब्रेक मारला की गाडी किंचित डावीकडे खेचते.

टॉर्शनबार
उजवा पुढचा ड्रम उघडा. निपलची पिचकारी त्याच चाकाला मारली होती ना? लायनरवर ऑइल गेलं असेल तर त्या बाजूचा ब्रेक कमी धरतो आणि गाडी दुसरीकडे जाते. ऑइल मुरलेला लायनर धुऊन सुधारत नाही, दोन्ही बाजूंचे जोडीने बदला. लायनर कोरडे निघाले तर उजवीकडचे दोन्ही ॲडजस्टर पुन्हा नीट करा आणि थोडे दिवस चालवून बघा, नव्या लायनरला ड्रमचा आकार घ्यायला वेळ लागतोच.

मायनरवाला
उजवंच होतं. रविवारी उघडतो. चहाचं आमंत्रण पक्कं, मिरज स्टेशनला उतरलात की कळवा, मायनर घेऊन येतो.