मदत हवी आहे: ब्लूटूथच्या भोकाला अपडेट मारलं तरी जुनाच आकडा दिसायलाय

आडतवाला_लातूर
राम राम मंडळी. अर्जंट आहे. दुकानातल्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरला ब्लूटूथच्या सुरक्षेतलं ते भोक आहे, ब्लीडिंगटूथ. पुतण्या दिवाळीला आला, तपासून कागद हातात दिला अन् पुण्याला निघून गेला. दोनदा अपडेट मारलं, काहीच फरक नाही. ब्लूटूथ बंद करा म्हणू नका, जमत नाही. सोयाबीनची आवक चालू आहे, उद्या सौदा निघायच्या आत पायजे.

नांदेडी_पेंग्विन
कोणतं लिनक्स? "फरक नाही" हे कशावरून ठरवलं? युनेम -आर मारून काय येतं? (चालू कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा आकडा दिसतो.) ब्लूटूथ कशाला लागतं? (कमांडी इंग्रजीतच टाइप करा, मी फोनवरून लिहायलोय.)

बिनधास्त_बीड
विंडोज टाका, मोकळे व्हा.

नांदेडी_पेंग्विन
२०१७ च्या ब्लूबॉर्नमधून, म्हणजे ब्लूटूथच्या तसल्याच भोकांमधून, विंडोज सुटलं होतं का?

आडतवाला_लातूर
उबुंटू २०.०४. आकडा ५.४.०-४२. कागदावर लिहिलंय की ५.१० पेक्षा जुनं कर्नल सगळं धोक्यात. ब्लूटूथवर शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची पट्टी छापायचा प्रिंटर आहे. पट्टी हातात पडल्याशिवाय शेतकरी हलत नाही.

कर्नलकाका
सोपं आहे. ५.१० कर्नलचा सोर्स कोड उतरवा, त्यातून कर्नल स्वतः तयार करा, म्हणजे कंपाइल करा. मी वीस वर्षं असंच करतो. रात्री लावून झोपायचं, सकाळी तयार.

नांदेडी_पेंग्विन
काका, आणि पुढचा प्रत्येक पॅच, म्हणजे दुरुस्ती, टाकायला तुम्ही लातूरला जाणार का?
आडतवाले, ५.१० हा मूळ कर्नलचा आकडा. उबुंटूवाले तीच दुरुस्ती उचलून जुन्या ५.४ मध्ये बसवतात, वरचा आकडा तोच ठेवतात. म्हणून नुसतं ५.४ बघून घाबरायचं नसतं, त्यापुढचा आकडा बघायचा. तुमचा ४२. हे भोक जाहीर झालं ऑक्टोबर २०२० मध्ये, ४२ त्याच्या आधीचं. म्हणजे पुतण्याचा निष्कर्ष बरोबर, कारण चूक.
डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावलेली ब्लूटूथची कांडी, कोणतं आहे?

आडतवाला_लातूर
डोंगलवर ४.० लिहिलंय. त्याचा काय संबंध? मी लपवून ठेवलंय ब्लूटूथ, कुणाच्या मोबाईलमध्ये दिसत नाही. मग कोण घुसतंय?

नांदेडी_पेंग्विन
संबंध आहे. ब्लीडिंगटूथ म्हणजे एक भोक नाही, तीन आहेत, प्रत्येकाला वेगळा नोंदणी क्रमांक. २०२०-२४४९० हे ब्लूटूथ ५ च्या चिपलाच लागतं, ते तुमच्यापुरतं सोडा. २०२०-१२३५२ मधून मेमरीतली माहिती गळते. खरं वाईट २०२०-१२३५१, इंटेलनं त्याला धोक्याचे १० पैकी ८.३ दिलेत. पेअरिंग लागत नाही, तुम्ही कशावर क्लिकही करायचं नाही. टप्प्यात असलेल्या माणसाला तुमच्या डोंगलचा पत्ता माहीत असला की पुरे. लपवल्यानं नाव दिसत नाही इतकंच, पत्ता हवेतून कळू शकतो. अन् आडत दुकानात दिवसभर किती माणसं बसलेली असतात, ते तुम्हीच सांगा.

हिंगोली_१२
ब्लूझेड, म्हणजे लिनक्सचं ब्लूटूथ सॉफ्टवेअर, अपडेट करा, त्याच्या इनपुट.कॉन्फ फाइलमध्ये क्लासिकबॉन्डेडओन्ली ट्रू करा. मला चाललं.

नांदेडी_पेंग्विन
ते २०२३ चं वेगळं प्रकरण. खोटा कीबोर्ड होऊन टाइप करणारं, अन् ते ब्लूझेडमधलं. हे कर्नलमधलं आहे. केलं तर वाईट नाही, पण यावर औषध नाही.

मन्मथ_परभणी
मोबाईलचं ब्लूटूथ सारखं तुटत असेल तर नेटवर्क सेटिंग रिसेट करून बघा.

औसेकर
लातूरला आज सोयाबीन काय भावानं गेलं? आमच्याकडं ओलाव्याच्या नावाखाली लई कापायलेत.

कर्नलकाका
धागा ब्लूटूथचा आहे.

औसेकर
पट्टीचं नाव निघालं म्हणून विचारलं.

आडतवाला_लातूर
भावाचं नंतर. अपडेट मारल्यावर शेवटी "केप्ट बॅक" (मागं ठेवलंय) अन् चार-पाच नावं येतात. ते पहिल्यापासून येतंय, म्हणून सांगितलं नाही.

नांदेडी_पेंग्विन
अहो, हेच तर पहिल्या ओळीत पायजे होतं! एपीटी-मार्क शोहोल्ड मारा, अपडेटपासून अडवून ठेवलेली नावं दिसतील.

आडतवाला_लातूर
लिनक्स-इमेज, लिनक्स-हेडर्स, लिनक्स-जेनेरिक.

नांदेडी_पेंग्विन
कुणीतरी कर्नल बांधून ठेवलाय. कुणी बसवलं मशीन?

आडतवाला_लातूर
हिशोबाचं सॉफ्टवेअर देणाऱ्यांचा पोरगा. नवीन काही आलं की प्रिंटर बिघडतो म्हणाला होता.

नांदेडी_पेंग्विन
एपीटी-मार्क अनहोल्ड अन् पुढं तीच तीन नावं. मग अपडेट, फुल-अपग्रेड, अन् रिबूट. रिबूट विसरू नका, तोवर मेमरीत जुनाच कर्नल चालतो. प्रिंटर रुसला तर सुरुवातीच्या मेनूत अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून ४२ परत उचलता येईल, पण तेवढ्या एका दिवसापुरतं.

आडतवाला_लातूर
रिबूट? हे मशीन इन्व्हर्टरवर आहे, चार महिने बंदच केलं नाही.

बिनधास्त_बीड
एक अडाणी प्रश्न. प्रिंटरला मागं यूएसबी नाही का?

आडतवाला_लातूर
आहे. वायर खोक्यातच पडलीय. पण मुनीमजींच्या गादीपर्यंत पोचत नाही.

बिनधास्त_बीड
मग लांब वायर आणा की. ऐंशी-शंभर रुपयांचं काम.

कर्नलकाका
तरी मी कंपाइलच म्हणेन.

आडतवाला_लातूर (सकाळी ८:१०)
झालं. ४२ च्या जागी दोनशेच्या पुढचा आकडा आलाय. प्रिंटर एकदा काढून परत जोडावा लागला, पट्टी निघायलीय.

नांदेडी_पेंग्विन
कॅट /प्रोक/व्हर्शन_सिग्नेचर मारा, शेवटी मूळ कर्नलचा खरा आकडा दिसेल. तो ५.४.७२ किंवा पुढचा असला की झोपा. आणि २०.०४ चा साधा आधार मे २०२५ मध्येच संपलाय. हंगाम झाला की २४.०४ वर या, नाहीतर उबुंटू प्रो (जास्त मुदतीचा आधार) घ्या, पाच मशीनपर्यंत फुकट आहे.

आडतवाला_लातूर
हंगामानंतर बघू. औसेकर, सौदा अकराला निघतो, भाव कळवतो.