आजीचं आपल्यात काय उरलंय? ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

आजीच्या आठवणी प्रत्येकाकडे असतात. इथे थोडं वेगळं विचारायचंय. आजीमुळे तुम्ही आज काय करता? कामात, बोलण्यात, स्वयंपाकात, कशातही. ठाण्यापासून बेलापूरपर्यंत जिथे कुठे आजीजवळ वाढलात, तिथलं लिहा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालतील. सुरुवात मी करते.

माझी आजी नौपाड्यातली, मराठी चौथी शिकलेली. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं आहे, हे ती घरी आलेल्या प्रत्येकाला अभिमानाने सांगायची. पुस्तक बदलायला जाताना मला बरोबर न्यायची. माझं वाचून झालं की विचारायची, "कुठं थांबावंसं वाटलं गं?" मी आता शाळेत मराठी शिकवते. धडा संपला की मुलांना हाच प्रश्न विचारते. मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलंही यावर बोलतात.

खाडीकाठ, दिवाळे

आजी खाडीत चिंबोऱ्या (खेकडे) आणि निवट्या (चिखलातले छोटे मासे) पकडायला जायची, मी तिच्या मागोमाग. चिखलात तिवराच्या मुळांजवळून चालायचं, तिथे पाय कमी रुततो. चिंबोरी मागून धरायची आणि नांग्या दोरीने आवळेपर्यंत हात ढिला सोडायचा नाही. शाळेचं तोंडही न पाहिलेली आजी भरतीची वेळ बोटांवर काढायची. तिथीची पाऊणपट करायची, की झाली पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. तिथून सहा तासांनी ओहोटी. पुनवेला आणि अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. पाणी वळलं की किनाऱ्यावरून हाक यायची, "पानी चरतंय, भाएर ये!"

मी आता कॉलेजच्या मुलांना पक्षी दाखवायला खाडीवर नेतो. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी मान्यता मिळाली. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चरायला उतरतात आणि भरती आली की सीवूड्सकडच्या पाणथळीत सरकतात. त्यामुळे निघायचं कधी, हे पाण्यावरच ठरतं. मुलं मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक काढतात, मी तिथी विचारतो. फरक पडलाच तर थोडाफार, कारण खाडीत आत पाणी जरा उशिरा चढतं. त्या पाणथळी बुजवायची भाषा कोणी केली की मी भांडायला उभा राहतो. ती जिद्दही तिचीच.

ऐरोलीकर

आजी वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगच्या कामाला होती. ज्याचे पैसे, त्याच्या हातात त्याच दिवशी, हा तिचा नियम. माझ्याकडे आज चार माणसं कामाला आहेत. महिनाअखेरीला पगार थांबवून ठेवायचा विचारही मनात येत नाही.

घणसोलीची नात

आमची आजी धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले ही विधींची गाणी म्हणणारी. आगरी लग्नात तिच्या धवल्याशिवाय एकही विधी पुढे सरकायचा नाही. एवढी गाणी, पण सगळी तोंडपाठ, कागदावर एकही ओळ नाही. 1970 साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आली, ठाणे-रायगडच्या 95 गावांच्या जमिनी संपादनात आल्या. आमची भातशेती गेली. पण लावणीचे, मिठागराचे शब्द तिच्या धवल्यांत तसेच होते, आणि मला ते तिथूनच कळले. मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. चुलतभावाच्या हळदीत डीजे बंद करायला लावला आणि आजीचा धवला म्हटला. आधी काकी मागून म्हणू लागली, मग तिच्या दोघी जावा. आता गावात लग्न निघालं की मला बोलावणं येतं, आणि मी रजा टाकून जाते.

कोपरी, ठाणे पूर्व

माझी आजी मायाळू वगैरे नव्हती. फार कडक. आजोबा गेले तेव्हा नातेवाईक बायका कुंकू पुसायला पुढे आल्या. तिने हात धरून सांगितलं, "हे मी लग्नाआधीपासून लावते." त्यावर बरीच वर्षं काही घरांतून तिला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. वाईट वाटत असणारच, पण ती माघारी फिरली नाही.

2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केल्याची बातमी आली, तेव्हा आजी नव्हती. बाबाही त्याआधीच गेले होते. ती बातमी मी आईला मोठ्याने वाचून दाखवली. पुढच्या संक्रांतीला आमच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू माझ्याकडे होतं. मी प्रत्येक दार वाजवलं, एकट्या राहणाऱ्या दोन काकूंचंही. पहिलं कुंकू आईला लावलं. एक शेजारीण वाण न घेता निघून गेली, बाकीच्या सगळ्या थांबल्या. तेव्हापासून बोलावणं सगळ्यांना जातं, आणि त्या दोन काकूंपैकी एकीने यंदाचं हळदीकुंकू आपल्या घरी ठेवलंय.