प्रतिसाद : ईजीआर व्हॉल्व्ह लगेच बदलू नका

वर ज्यांनी विचारलंय की डिझेल गाडी आयडलिंगला थरथरते, पिकअप नाही, काळा धूर येतो आणि मेकॅनिक म्हणतो ईजीआर व्हॉल्व्हच (एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात सोडणारी झडप) बदला, त्यांना सांगतो, घाई करू नका, माझ्या गाडीला सेम झालं होतं. आधी स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड बघा. पी ०४०१ म्हणजे या व्हॉल्व्हमधून एक्झॉस्ट गॅस कमी जातोय, पी ०४०२ म्हणजे जास्त. माझा व्हॉल्व्ह काजळीनं उघडाच अडकलेला. खोलला तर आत नुसतं डांबर! कार्ब क्लीनर (काजळी काढायचा स्प्रे) आणि ब्रशनं साफ केला, फक्त व्हॉल्व्हच्या मोटरच्या बाजूला स्प्रे जाऊ द्यायचा नाही आणि गॅस्केट नवीनच टाकायचं, तिथं कंजूषपणा नको. जमलं तर इनटेकही (इंजिनात हवा जायची वाट) बघून घ्या, तिथंपण तसलंच साठतं. नंतर स्कॅनरनं कोड क्लिअर केला. साफ करूनही अडकत असेल किंवा मोटर गेली असेल तरच नवीन.

माझं रोजचं जाणं जुळे सोलापूर ते सात रस्ता, शहरातल्या शहरात थोडंच अंतर, इंजिन नीट तापतच नाही, म्हणून काजळी धरते, आता मधनंमधनं मोहोळपर्यंत हायवेला पळवून आणतो. आणि ते ईजीआरची वाटच पत्रा लावून बंद करायचं कुणी सुचवलंय ते नको बाबा, प्रदूषण वाढतं आणि चेक इंजिनचा दिवा परत लागतो.