‘गोसावी पडला’ म्हणजे काय? आजच हवं आहे

वहीवाली: आजोबांच्या जुन्या वह्या टाईप करतेय. एका पानावर लिहिलंय, “औंदा गोसावी पडला. आठ आणे गेले.” कोण पडला, कुठे पडला? उद्या प्रत छपाईला द्यायचीय. लवकर सांगा प्लीज.

रानवारा: गोसावी हा शब्द गोस्वामीवरून आला. गो म्हणजे इंद्रियं, त्यांचा स्वामी तो गोसावी.

वहीवाली: ते माहीत आहे हो. पण ‘पडला’ कसा?

जिरायती: आजोबा कुठले? वही शेतीची की उधारीची? पीक कोणतं?

वहीवाली: सॉरी, शेतीचीच. गाव शिरूरकडचं. पानावर वर ‘बाजरी’ लिहिलंय.

जिरायती: अहो ताई, हे आधी सांगायचं ना! बाजरीवरचा रोग आहे तो. कणसात दाणा धरतच नाही, त्याच्या जागी बारीक हिरव्या पानांचा गुंता फुटतो. गोसाव्याच्या जटाच जणू, म्हणून हे नाव. सकाळी दवात पान उलटं करून बघा, खालच्या अंगाला पांढरी भुकटी असते, बोटाला लागते.

काळीमाती: यालाच केवडा म्हणतात.

जिरायती: केवडा वेगळा, तो पानावर येतो.

काळीमाती: बुरशी एकच आहे. पान पिवळं-पांढरं पडलं की केवडा, कणसात गेला की गोसावी. संकरित बाजरी १९६५ला आली, १९७०-७१मध्ये याच रोगाने तिची दैना केली.

बांधावरून: पेरणीआधी बी २० टक्के मिठाच्या पाण्यात टाका, तरंगेल ते काढून टाका. आम्ही दरवर्षी करतो.

काळीमाती: ते अरगट या बाजरीच्या दुसऱ्या रोगासाठी. गोसाव्याला मेटॅलॅक्झिल हे बुरशीनाशक, किलोभर बियाण्याला ६ ग्रॅम चोळायचं. आणि ताईंनी उपाय विचारलेलाच नाही.

रानवारा: आठ आणे म्हणजे पन्नास पैसे.

जिरायती: इथे पैसे नाहीत हो, आणेवारी आहे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. आठ आणे गेले, म्हणजे निम्मं रान हातचं गेलं. ताई, पुढे काही लिहिलंय का? आमच्याकडे असली ताटं दिसली की उपटून जाळतात, नाहीतर बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते.

वहीवाली: पुढची ओळ मी इथे दिलीच नव्हती. “परवा सगळे गोसावी जाळले.” ती वाचल्यापासून चार दिवस पोटात गोळा होता, घरात कुणाला विचारायचा धीर होईना. आता आईला फोन करते.