सात महिन्यांचा लेक, मांडवी एक्सप्रेस आणि दिवसभराचं खाणं

धनश्री_ठाणे:
मे महिन्यात पहिल्यांदाच लेकाला घेऊन गावी देवगडला चाललोय. ठाण्याहून मांडवी, स्लीपरचं तिकीट आहे, कणकवलीला उतरून पुढे एसटी, म्हणजे पहाटे घर सोडलं की पोचायला संध्याकाळ होणार. सात महिन्यांचा आहे, अंगावर पितो, वरचं महिन्याभरापूर्वीच सुरू केलं, मऊ भात आणि नाचणीचं सत्त्व एवढंच खातो. घरी सगळं ताजं करून देते पण गाडीत काय करू? सासूबाई म्हणतात दुधात बिस्किट कालवून दे, मला नाही पटत. आणि डब्यात सगळ्यांसमोर पाजायचं म्हटलं की आत्तापासूनच पोटात गोळा येतोय, म्हणून दूध काढून बाटलीत न्यावं का असंही वाटतंय. कोणी केलंय का? प्लीज नीट सांगा.

मीनल७:
अगं अंगावर पितोय ना, मग अर्धी काळजी मिटली. दूध काढून मात्र नेऊ नकोस, काढलेलं दूध बाहेर 25 डिग्रीपर्यंत 4 तास चालतं आणि मे मधल्या स्लीपरच्या डब्यात 25 डिग्री कुठून आणणार. बर्फाचे पॅक घालायची पेटी असेल तरच विचार कर.
वरच्या खाण्याला पोहे बेस्ट. पातळ पोहे कोरडे भाजायचे, मिक्सरला अगदी बारीक पूड करायची, आयत्या वेळी थर्मासमधल्या गरम पाण्यात कालवून पाच मिनिटं झाकून ठेवलं की मऊ पेज तयार. पोहे करतानाच धान्य भिजवून भाजलेलं असतं म्हणून हे जमतं. नाचणीचं सत्त्व किंवा खिमटाची भरड अशी नुसती कालवून चालत नाही हां, शिजवावीच लागते, मी लेकीच्या वेळी तीच चूक केली आणि रात्रभर पोट धरून रडत होती बिचारी. बाकी केळी ने, सोललं की कुस्करून लगेच देता येतं.

सिस्टर_रत्नागिरी:
मी पीएचसीत, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. ताई, बाटली नकोच, तिचं बूच गाडीत साफ होत नाही. स्टीलच्या तीन वाट्या, तीन चमचे घरीच उकळून स्वच्छ डब्यात ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी नवीन जोडी निघेल. उष्टं उरलं तर टाकून द्यायचं, नंतरसाठी ठेवायचं नाही. उकळून गार केलेलं पाणी चमच्याने दोन-दोन घोट द्या, पण उकाड्यात मुख्य म्हणजे जास्त वेळा अंगावर घ्या. बिस्किटात मैदा आणि साखर, त्याचा काही उपयोग नाही. आणि कुणी प्रेमाने मध चाटवायला आलं तर स्पष्ट नाही म्हणा, वर्षाच्या आत मध अजिबात नको. ओआरएसचं पाकीट जवळ असू द्या, लागलंच तर त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट घालायचं. चिमूटभर ग्लासात टाकतात लोक, ते चुकीचं आहे.

कोकणकन्या_८८:
पाजायचं टेन्शन घेऊ नको गं. खिडकीची सीट घे, खिडकीकडे तोंड करून बस, पुढून उघडणारा कुर्ता घाल, वर सुती ओढणी. ओढणीखाली प्यायची सवय घरीच आठवडाभर लाव, नाहीतर पोरं ओढून काढतात. समोर बाई असेल तर सरळ सांग, जागा करून देतात. रत्नागिरीच्या आधी करबुडेचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा, उघड्या खिडक्यांतून एवढा आवाज येतो की लेकरं दचकतात, तेव्हा काचा लावून त्याला जवळ घे. आणि एसटीच्या बऱ्याच स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, कणकवलीला उतरल्यावर कंट्रोलरला विचार, असला तर पुढच्या बसआधी निवांत पाजता येईल.

धनश्री_ठाणे:
खूप खूप थँक्यू सगळ्यांना! सासूबाईंना वाचून दाखवलं, आता पोहे त्याच भाजून देणार म्हणाल्या. फक्त एक, थर्मासमधलं पाणी दुपारपर्यंत तेवढं गरम राहील का?

मीनल७:
आधी थर्मास उकळत्या पाण्याने विसळून घे, मग काठोकाठ भर आणि सारखं झाकण उघडू नकोस. चहाला दुसरा ठेव, लेकाच्या थर्मासमधलं पाणी कुणाला देऊ नकोस. आणि पोह्याची पूड आजच करून एकदा घरी खाऊ घाल, नवीन पदार्थ पहिल्यांदा गाडीत नको.